शशिकलाताई काकोडकर : गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांच्या वक्तृत्व स्पर्धा आल्या की ताईंविषयी विचारणा सुरू होते आणि निवडणुका आल्या की पुन्हा होते. स्पर्धेवाल्यांना तारखा हव्या असतात. निवडणूकवाल्यांना ताई आपल्याच बाजूच्या होत्या एवढंच ऐकायचं असतं. दोघांच्याही प्रश्नांची उत्तरं शिक्षणावरच्या या पानावर एकत्र दिली आहेत. काही आवडणार नाहीत, त्याला इलाज नाही.

ताई कोण होत्या? चार ओळींत सांगा.

जन्म ७ जानेवारी १९३५, पेडणे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या त्या थोरल्या कन्या. १९७३ ते १९७९ गोवा, दमण व दीव या संघप्रदेशाच्या मुख्यमंत्री. १९९० साली गोवा राज्याच्या शिक्षणमंत्री. २०११ पासून भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या निमंत्रक. निधन २८ ऑक्टोबर २०१६. वक्तृत्ववाल्यांनी एवढं पाठ केलं तरी चालेल. पण मग पहिला नंबर मिळणार नाही.

त्यांचं स्वतःचं शिक्षण कुठे झालं?

पोर्तुगीज अमदानीतल्या पणजीत. मुष्टिफंडाच्या शाळेत प्राथमिक, मग पीपल्स हायस्कूल, पुढचं कॉलेजशिक्षण गोव्याबाहेर. त्या काळी मराठी शाळा सरकार चालवत नसे. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं, हिंदूंवरची बंधनं सैल झाली आणि गोव्यातल्या लोकांनी वर्गणी काढून, देवळाच्या अग्रशाळेत नाहीतर कुणाच्या सोप्यावर अशा शाळा चालवल्या. ज्या मुलांच्या घरी पैसा किंवा पाठीशी वतन नव्हतं, त्यांना तिथेही सहज जागा मिळत नसे. भाऊसाहेबांनी सत्तेवर येताच गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा काढल्या त्या याच मुलांसाठी. ताईंचं पुढचं राजकारण समजून घ्यायचं तर हा पाया विसरता येत नाही.

भाऊसाहेबांची मुलगी म्हणूनच मुख्यमंत्री झाल्या ना?

१९७३ साली, हो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. १९७२ च्या निवडणुकीत भाऊसाहेबांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, म्हणजे मगोला, तीसपैकी १८ जागा मिळाल्या, ताई राज्यमंत्री झाल्या, आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब गेले. दुसऱ्या दिवशी, वयाच्या ३८ व्या वर्षी, ताईंनी शपथ घेतली. मंत्रिमंडळात त्यांच्याहून मुरलेली माणसं होती. पण पक्षाला माणूस बांदोडकरांच्याच घरातलं हवं होतं आणि बहुजन समाजालाही तेच हवं होतं.

१९७७ ची गोष्ट मात्र वेगळी. आणीबाणी नुकतीच उठली होती, देशभर जनता पक्षाचा बोलबाला होता आणि भाऊसाहेबांना जाऊन चार वर्षं होत आली होती. त्या निवडणुकीत मगोने १५ जागा मिळवल्या, काँग्रेसने १० आणि जनता पक्षाने अवघ्या ३. हे यश ताईंच्या नावावर मांडायला हवं. वडिलांच्या पुण्याईवर एकदा खुर्ची मिळते, देशात वारा उलटा वाहत असताना दुसऱ्यांदा मिळत नाही.

देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री का?

नाही. सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी यांच्यानंतर तिसऱ्या. गोव्यात पहिल्या, आणि आजवर एकमेव. हे ‘आजवर एकमेव’ दर निवडणुकीत अभिमानाने सांगितलं जातं. खरं तर त्यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा.

मुख्यमंत्री म्हणून त्यांचं सगळ्यांत मोठं काम कोणतं?

माझ्या मते कूळ-मुंडकारांचे कायदे. शिक्षणावरच्या पानावर जमिनीची गोष्ट कशाला, असं वाटेल. पण गोव्यात या दोन गोष्टी एकाच घरात राहतात.

मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर घर बांधून राहणारा. घर त्याचं, पण खालची जमीन भाटकाराची. भाटकाराची मर्जी गेली की घर रिकामं करायचं. मत कुणाला द्यायचं, पोराला शाळेत धाडायचं की माडाखाली नारळ गोळा करायला पाठवायचं, हेही त्या मर्जीवर चालत असे. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्याला घरातून हुसकावण्याला बंदी आली आणि राहत्या घराची जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला. पुढच्याच वर्षी, १९७६ साली, कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती झाली आणि शेत कसणारं कूळ त्या शेताचा मालक ठरलं. मूळ कूळ कायदा १९६४ चा, म्हणजे भाऊसाहेबांचा. पण त्यात कुळाला संरक्षण होतं, मालकी नव्हती. ते पाऊल ताईंनी उचललं.

आता यातली मेख. कायदा झाला तरी मालकी आपोआप हातात पडली नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, कुळाच्या रकान्यात नाव हवं. ते नसेल तर मामलेदाराच्या कचेरीत दावा, साक्षी, जुन्या पावत्या. पावती देणारा कोण, तर तोच भाटकार. त्यामुळे आजोबांनी टाकलेला मुंडकार दावा नातू अजून चालवतो आहे, अशी घरं बार्देशात आणि तिसवाडीत आजही सापडतात. कायदा करणाऱ्याचं श्रेय त्याने कमी होत नाही. अंमलबजावणीचा हिशेब नंतरच्या सगळ्या सरकारांनी द्यायचा आहे.

मुख्यमंत्री असताना शिक्षणात काय केलं?

गावातल्या शाळा वाढवत नेल्या, ते काम वडिलांपासून चालतच आलं होतं. नवं आणि टिकाऊ काम म्हणजे गोव्याचं स्वतःचं शालान्त मंडळ. तोवर इथली मुलं दहावीला महाराष्ट्राच्या मंडळाच्या परीक्षेला बसत. १९७५ च्या कायद्याने गोवा, दमण व दीव माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ उभं राहिलं. हे ज्या पक्षाच्या सरकारने केलं तो पक्ष आठ वर्षांआधी गोवा महाराष्ट्रात विलीन करा म्हणून जनमत कौलात उतरला होता, हे लक्षात घेतलं की गंमत वाटते. कौलात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं होतं. मगोवाल्यांनी ते तोंडाने कधी मान्य केलं याची चर्चा करत बसण्यापेक्षा हा १९७५ चा कायदा बघावा. वेगळं मंडळ काढणाऱ्या सरकारने वेगळं राहायचं मनात पक्कं केलेलं असतं.

विद्यार्थ्यांनीच त्यांच्याविरुद्ध आंदोलन केलं होतं, हे खरं का?

खरं. १९७८-७९ मध्ये बसभाड्यात निम्मी सवलत हवी म्हणून कॉलेजची मुलं रस्त्यावर उतरली. सरकारने ते प्रकरण नीट हाताळलं नाही. लाठीने प्रश्न मिटेल असं वाटलं असावं, तो उलट पेटला. गावोगाव शाळा उघडल्या, त्या शाळांतून शिकलेली पहिली मोठी पिढी कॉलेजात पोचली आणि तिने पहिला झटका शाळा उघडणाऱ्यांनाच दिला. कदंब महामंडळाच्या बसगाड्या १९८० नंतर आल्या, तोवर ताईंचं सरकार गेलं होतं.

त्याच सुमाराला रापणकारांचं, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं (रापण) ओढणाऱ्या मच्छीमारांचंही आंदोलन चाललं होतं. ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासळी ओढून नेत होते, रापण रिकामी येत होती. भूमिहीनांच्या बाजूने उभं राहणारं सरकार समुद्रावर मात्र ट्रॉलरवाल्यांच्या बाजूचं दिसलं. शेतातला कूळ ज्यांना दिसला त्यांना रापणीचा दोर ओढणारा का दिसला नसावा, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

सरकार पडलं कसं?

घरभेदाने. १५ जागांचं सरकार, त्यातून मगोचेच तीन आमदार फुटले. एप्रिल १९७९ मध्ये अर्थसंकल्पी अधिवेशनात सगळं कोसळलं, सभागृहात रणकंदन झालं आणि २७ एप्रिलला राष्ट्रपती राजवट आली. जानेवारी १९८० मध्ये निवडणूक झाली, मगो सातावर आला आणि मुख्यमंत्री झाले प्रतापसिंह राणे. हे राणे १९७२ साली मगोच्याच तिकिटावर पहिल्यांदा आमदार होऊन भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळात आले होते.

त्यांनी पक्ष किती बदलले?

हा प्रश्न बहुधा खवचटपणे विचारला जातो, तरी उत्तर सरळ आहे. १९८० च्या पराभवानंतर त्या काँग्रेसमध्ये गेल्या. मगो तेव्हा बुडालाच होता. रमाकांत खलप आणि बाबुसो गावकर यांनी विलीन व्हायला नकार दिला म्हणून मगोची सिंहाची निशाणी वाचली. काँग्रेसमध्ये ताईंचं बस्तान बसलं नाही. मग त्यांनी वडिलांच्या नावाने भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष काढला, तो चालला नाही, आणि त्या पुन्हा मगोत परतल्या. काँग्रेसप्रवेश हा त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यांत कच्चा निर्णय, असं त्यांचे चाहतेही खाजगीत बोलतात. ज्या मतदाराने भाटकारशाहीविरुद्ध सिंहावर शिक्का मारला, त्याला काँग्रेसच्या हातावर मारायला सांगणं अवघडच होतं.

ताई कोकणीच्या विरोधात होत्या का?

इथे जरा दमाने.

१९८५ ते ८७ च्या राजभाषा आंदोलनात ताई मराठीच्या बाजूने उभ्या होत्या, यात वाद नाही. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला. कोकणी राजभाषा आणि मराठीचा वापर सरकारी कामासाठी, अशी ती तडजोड होती. मराठीवाद्यांचं त्याने समाधान झालं नाही, ताईंचंही नाही. ३० मे १९८७ ला गोवा घटकराज्य झालं. इथपर्यंतचं वाचून कुणी त्यांना कोकणीद्वेष्ट्या म्हटलं तर नवल नाही.

पण पुढे काय झालं ते पाहा. १९९० साली काँग्रेसचं सरकार पडून डॉ. लुईस प्रोत बार्बोझा यांच्या आघाडीचं सरकार आलं, मगो त्यात होता, आणि ताई शिक्षणमंत्री झाल्या. त्यांनी धोरण ठरवलं की प्राथमिक शाळेला सरकारी अनुदान हवं असेल तर पहिली ते चौथीचं शिक्षण प्रादेशिक भाषेतून, म्हणजे इथे मराठीतून किंवा कोकणीतून द्यायला हवं. मराठी शाळा तर मराठीच होत्या, त्यांना यातून नवं काही मिळालं नाही. मिळालं ते कोकणीला. चर्चच्या डायोसिझन सोसायटीच्या शाळा तोवर इंग्रजीतून शिकवत होत्या, त्यांनी देवनागरी कोकणी माध्यम घेतलं आणि कोकणीला गावागावात, विशेषतः सासष्टी-बार्देशात, वर्ग मिळाले. कोकणीतून शिकवणाऱ्या शिक्षकांची गरज निर्माण झाली, पाठ्यपुस्तकं निघाली. तेव्हा कोकणी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात यायलाही अजून दोन वर्षं होती.

म्हणजे मराठीच्या मोर्चात पुढे असणाऱ्या बाईंच्या सहीने कोकणीची प्राथमिक शाळा उभी राहिली. ताईंच्या टीकाकारांना हे अडचणीचं वाटतं, आणि त्यांच्या कडव्या समर्थकांना त्याहून जास्त. पक्षांची वळणं, राजभाषेचा वाद हे सगळं बाजूला ठेवलं तर एक धागा शेवटपर्यंत तुटलेला दिसत नाही: मूल घरी ज्या भाषेत बोलतं, निदान तिच्या जवळच्या भाषेत, त्याची पहिली चार वर्षं जावीत.

डायोसिझन शाळांनी एवढ्या मुकाट्याने कोकणी का स्वीकारली?

मुकाट्याने नाही, कुरकुर झाली. पण अनुदान म्हणजे शिक्षकांचा पगार, तो बंद झाला की फी वाढवायची, आणि खेडेगावातल्या पालकाला ती झेपणार नव्हती. शिवाय नुकतंच कोकणीसाठी आंदोलन करून झालं होतं. आता कोकणी नको कसं म्हणणार? खरी अडचण लिपीची होती. ख्रिस्ती घरांत कोकणी वाचली-लिहिली जाते ती रोमी, म्हणजे रोमन लिपीत. इगर्जेतली (चर्चमधली) प्रार्थना रोमीत, तियात्राची (कोकणी नाटकाची) जाहिरात रोमीत. शाळेतून मूल आलं ते मात्र देवनागरीतलं पुस्तक घेऊन. आई-वडिलांना अभ्यास घेता येईना. २०११ च्या वादाचं बीज इथेच पडलं होतं, आणि कोकणी-मराठीच्या दोन्ही गोटांतल्या देवनागरीवाल्यांनी त्याकडे हवं तितकं लक्ष दिलं नाही असं मला वाटतं.

२०११ मध्ये नेमकं काय झालं?

दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं. पालकांच्या ‘फोर्स’ या संघटनेची ती मागणी होती. एकवीस वर्षं चाललेलं ताईंचं धोरण त्याने मोडलं. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच, वर्तमानपत्रांच्या भाषेत भाभासुमं, उभा राहिला आणि ताई त्याच्या निमंत्रक झाल्या. तेव्हा त्यांचं वय ७६.

पणजीच्या आझाद मैदानावर त्या व्यासपीठावर कोण कोण होतं ते बघण्यासारखं होतं. एका बाजूला संघाचे सुभाष वेलिंगकर. दुसऱ्या बाजूला कोकणीवाले उदय भेंब्रे, पुंडलिक नायक, अरविंद भाटीकर. भेंब्रे म्हणजे जनमत कौलाच्या काळात ‘राष्ट्रमत’मध्ये ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहून विलीनीकरणवाल्यांना, म्हणजे ताईंच्या वडिलांच्या पक्षाला, सळो की पळो करून सोडणारे. पुढे आमदार झाल्यावर कोकणी राजभाषा व्हावी म्हणून विधानसभेत विधेयक आणणारेही तेच. चाळीसेक वर्षं समोरासमोर उभी राहिलेली माणसं एका सतरंजीवर बसली होती. मराठी-कोकणी वाद मिटला असं त्याने झालं नाही. पण प्राथमिक शाळेपुरता दोघांचाही प्रतिपक्ष आता दुसरा होता.

भाजप सरकार आल्यावर अनुदान बंद झालं का?

नाही, आणि मंचाला ते जास्त लागलं. विरोधात असताना भाजप मंचासोबत होता. मार्च २०१२ मध्ये सत्ता आली, मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले, आणि ज्या अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांना अनुदान सुरू झालं होतं, त्यांचं चालू ठेवलं गेलं. नव्या इंग्रजी शाळांना नाही, पण जुन्यांचं काढलं नाही. मंच पुन्हा रस्त्यावर आला. ऑगस्ट २०१६ मध्ये वेलिंगकरांना संघाच्या गोवा विभागप्रमुखपदावरून दूर केलं गेलं, ऑक्टोबरमध्ये गोवा सुरक्षा मंच हा पक्ष निघाला, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला ताई गेल्या. २०१७ च्या निवडणुकीत त्या पक्षाने मगो आणि शिवसेनेशी युती केली. त्याला एकही जागा मिळाली नाही.

म्हणजे ताईंचा इंग्रजीला विरोध होता?

इंग्रजी शाळा काढायला १९९० च्या धोरणाने कुणालाही मज्जाव केला नव्हता. स्वतःच्या पैशाने काढा, असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्या खटल्यात सांगितलं की प्राथमिक शाळेवर मातृभाषा माध्यम म्हणून लादता येत नाही. गोव्यातला वाद लादण्याचा नसून सरकारी पैसा कशावर खर्च व्हावा याचा होता. हा फरक टीव्हीवरच्या चर्चेत दर वेळी हरवतो. मंचाच्या बाजूने घटनेचं कलम ३५० अ होतं, शिक्षण हक्क कायद्यातली ‘शक्य तितकं मातृभाषेतून’ ही तरतूद होती, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने पाचवीपर्यंत मातृभाषा असावी असं सुचवलं ते ताईंच्या पश्चात.

मग त्यांच्या धोरणात खोट काहीच नव्हती?

होती, आणि मोठी होती. पाचवीची.

गोव्यात चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी, आणि पाचवीपासून जवळपास सगळीकडे इंग्रजी. मधे पायरी नाही. चौथीत ‘मुळे, खोड, पाने’ घडाघडा सांगणारी पोर जूनमध्ये पाचवीत बसते आणि समोर ‘रूट, स्टेम, लीफ’. तिला झाडाची माहिती सगळी आहे, पण हात वर करायची हिंमत होत नाही, कारण उत्तर तोंडात मराठीत तयार असतं. शेजारी इंग्रजी प्राथमिकमधून आलेला मुलगा, त्याला कदाचित तिच्याहून कमी येत असेल, पण तो बोलून मोकळा होतो. पालक हे बघतात. मातृभाषेचं महत्त्व त्यांना कळत नाही असं नाही. त्यांना पाचवीचा जून दिसतो. गावातली सरकारी मराठी शाळा एकशिक्षकी होत गेली, काही बंद पडल्या, त्यामागे हेही आहे.

धोरण माध्यमिकपर्यंत न्यायचं, नाहीतर निदान चौथी-पाचवीच्या मधे भक्कम पूल बांधायचा, हे ना १९९० मध्ये झालं ना नंतर. ताईंच्या हातात शिक्षण खातं थोडाच काळ होतं, हे मान्य. पण मंचाच्या आंदोलनातही अनुदानावर जेवढं बोललं गेलं त्याच्या पावपटही पाचवीवर बोललं गेलं नाही.

स्पर्धेसाठी, प्रबंधासाठी अधिक वाचायला कुठे मिळेल?

पाटो, पणजी इथलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. तिथे जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली मागाव्यात. १९७९ चा एप्रिल, १९९० चं शैक्षणिक वर्ष आणि २०११ चा जून हे तीन काळ आधी काढावेत. एकाच वर्तमानपत्रावर विसंबू नये. जनमत कौल ते १९७९ या काळासाठी ‘गोमंतक’ आणि ‘राष्ट्रमत’ शेजारी ठेवून वाचा. त्याच दिवसाची तीच घटना दोघांत वेगळी दिसते. विधानसभेतल्या चर्चेसाठी पर्वरीला विधानसभा ग्रंथालयात चौकशी करावी. विद्यार्थ्यांनी शाळेचं पत्र सोबत नेलेलं बरं.